टोप वर येईपर्यंत

धरणात बुडालेल्या गावाचा जुना रस्ता अजून आहे. वसाहतीच्या मागच्या बाभळींतून निघतो, उताराला लागतो आणि सरळ पाण्यात जातो. कुठं वळत नाही, कुठं थांबत नाही. लहानपणी आम्हाला त्या रस्त्यावर खेळायची बंदी होती. का, ते कुणी सांगायचं नाही. आई नुसतं म्हणायची, "त्यो रस्ता परतीचा न्हाई." तेवढ्यावर आमची पावलं मागं फिरायची.

गेल्या हिवाळ्यात मी पुन्हा त्या रस्त्यावर गेलो. हौसेनं नाही. हौस होती ती आमच्या दाजींना, म्हणजे अक्काच्या नवऱ्याला. साठी ओलांडलेला माणूस, नगरच्या बाजारात तांब्यापितळेच्या भांड्यांचं दुकान, घरात सून आलेली, आणि या वयात ह्यांना पाण्याच्या तळाशी चालायचं होतं! तेही जुन्या पद्धतीनं, डोक्यावर तांब्याचा टोप आणि पायांत शिशाचे बूट घालून.

आता अशीही माणसं जगात असतात, हे मला कुठं ठाऊक होतं? पुण्या-मुंबईकडची दहा-पंधरा डोकी. कुणी डॉक्टर, कुणी कारखानदार, एक नौदलातून निवृत्त झालेले गृहस्थ, त्यांना सगळे कमांडरसाहेब म्हणत. भंगारातून, जुन्या बाजारातून पाणबुड्यांचे टोप शोधायचे, घासूनपुसून चकचकीत करायचे, हातानं फिरवायचा हवेचा पंप दुरुस्त करायचा आणि वर्षातून एकदा कुठल्यातरी पाण्यावर जमून आळीपाळीनं खाली उतरायचं. बस्स. खाली काही आणायला जायचं नसतं. नुसतं जाऊन यायचं. माझा बाप ज्या कामाला पोटासाठी उतरला, त्याची ही माणसं सहल करत होती. राग आला मला, खोटं कशाला बोलू?

त्यांचा एक चेपलेला टोप दाजींच्या दुकानात दुरुस्तीला आला, तिथून हे सगळं सुरू झालं. अक्का दुपारचा डबा घेऊन दुकानात गेली. टोप टेबलावर होता, काळानिळा पडलेला. तिनं डबा ठेवला आणि डाव्या काचेच्या वरच्या पोच्यावर आपला अंगठा ठेवला. बरोबर बसला. तो पोचा तिनंच पाडला होता, परकर-पोलक्याच्या वयात, चिंच लावून टोप घासताना तो तिच्या हातून ओट्यावरून खाली पडला होता. त्यासाठी आईचा मारही खाल्ला होता.

"अण्णांचा हाय," ती म्हणाली आणि तिथंच खाली बसली.

अण्णा म्हणजे आमचे वडील. धरणावर पाणबुडे होते.

वसाहतीतलं आमचं घर शेवटच्या ओळीत होतं. त्या घराला रबराचा वास यायचा. अण्णांचा पोशाख ओसरीतल्या आडव्या बांबूवर वाळत असायचा, हातपाय पसरून. आत शंखजिऱ्याची पांढरी पूड मारलेली असे. वारा आला की पोशाख हलायचा आणि धाकटी पोरं घाबरून ओरडायची. मी त्याच्या खालून पळत जायचो. माझ्या डोक्याला रबरी पाय लागायचे, गार आणि जड. त्या वासात खोबरेल तेल मिसळलेलं असायचं, पंपाच्या चामड्याला लावायचं, आणि अण्णांच्या लोकरीच्या लाल टोपीचा घामट वास. आजही सायकलच्या दुकानात नवी ट्यूब हातात घेतली की मी तिचा वास घेतो. दुकानदार बघत राहतो. बघू दे.

पावसाळा सरला की अण्णांचं काम सुरू व्हायचं. भिंतीच्या पोटातल्या दरवाजांना लोखंडी जाळ्या होत्या. पुरात आलेली झाडं, मेलेली जनावरं, कडब्याचे भारे त्या जाळ्यांना येऊन अडकत. ते सोडवायचं. भिंतीजवळ तराफा लागायचा, त्यावर पंप, पंपाला दोन माणसं. अण्णा स्टुलावर बसायचे, त्यांना बूट चढवायचे, छातीवर शिशाचं वजन बांधायचं, मग टोप बसवून वळवायचा. समोरची काच मात्र शेवटपर्यंत उघडी राहायची. कारण त्याआधी एक काम उरलेलं असायचं.

दोर बांधायचा.

पाणबुड्याच्या कमरेचा दोर वर कुणाच्या हातात द्यायचा, याचा आमच्या वसाहतीत कायदा होता. सख्ख्या भावाच्या हातात नाही. भावाभावांत वाटण्या असतात. मित्राच्या नाही, मैत्री तुटते. दोर धरायचा तो बायकोच्या भावानं. मेव्हण्यानं. कारण साधं आहे. मेव्हणा कितीही रागावला तरी आपल्या बहिणीचं कुंकू हातानं सोडणार नाही. आणि म्हणून तो दोर पाणबुड्या स्वतः मेव्हण्याच्या डाव्या मनगटाला बांधायचा, आपल्या हातानं, आणि वर आल्यावर आपल्याच हातानं सोडायचा. ज्यानं बांधला त्यानं सोडायचा. मधे तिसऱ्यानं गाठीला बोट लावायचं नाही.

अण्णांचा दोर मामा धरायचा.

मामा शिंगणापूरचा, आईचा धाकटा भाऊ. त्या गावच्या घरांना दारं नसतात, हे सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे; पण त्या गावच्या माणसाला दार वाजवायची सवय नसते, हे आम्हालाच ठाऊक होतं. मामा कुठल्याही घरात सरळ आत. आजूबाजूच्या बाया लाजेनं पदर सावरायच्या, "मेल्या, खोकून तरी येत जा!" म्हणून ओरडायच्या. मामा हसायचा. सडपातळ, दाढीचे चार केस, कानात भिकबाळीसारखं काहीतरी. दोर हातात आला की मात्र तो वेगळाच माणूस व्हायचा. तेव्हा त्याच्याशी बोलायचं नाही, त्याला हाक मारायची नाही. मी एकदा तराफ्याजवळच्या पायऱ्यांवरून "मामा!" म्हणून ओरडलो, तर पंपावरच्या शब्बीरचाचांनी माझ्याकडे असं बघितलं की माझी चड्डी ओली व्हायची बाकी राहिली.

संध्याकाळी मामा मला चिंध्यांचा दोर देऊन शिकवायचा. "ताठ धरू नको, त्याला वढल्यागत वाटतं. सैल सोडू नको, त्याला एकटं वाटतं. लेकराचं बोट धरतो ना आपन जत्रंत, तसा धर." एक हिसका म्हणजे बरा आहे. लागोपाठ हिसके म्हणजे वर घे. आपण विचारायचं, एक हिसका देऊन. त्यानं उत्तर द्यायचं. उत्तर आलं नाही तर पुन्हा विचारायचं. तरी आलं नाही तर ओढायचं, मग खालून तो शिव्या देवो नाहीतर शाप.

आणि घरात? घरात चूल पेटायची नाही. अण्णा पाण्यात असेपर्यंत आमच्या घरात काडी ओढायची नाही, स्टोव्हला पिन लावायची नाही, देवापुढचं निरांजनसुद्धा नाही. आई म्हणायची, "जाळ हवा खातो. त्यांच्या वाटची हवा आपन कशी खायाची?" शास्त्रात हे बसत नाही, मलाही कळतं. पण ती परातीत कणीक भिजवून ठेवायची, चहाचं पाणी मांडून ठेवायची, काड्यापेटी शेजारी ठेवायची आणि हात मांडीवर घेऊन बसायची. अक्का तिच्या एका बाजूला, मी दुसऱ्या. घर गार पडलेलं असायचं. लांबून पंपाचा आवाज यायचा, एक सुस्कारा आणि एक ठोका. सुस्कारा आणि ठोका. तो आवाज चालू आहे तोवर सगळं ठीक, हे आम्हाला कुणी न सांगता कळत होतं.

मग आवाज थांबायचा.

तो थांबल्यापासून मामा घरात येईपर्यंतचा वेळ कसा जायचा, ते मी सांगू शकत नाही. आई श्वास घ्यायची नाही. मग उंबऱ्यावर ओले पाय वाजायचे, मामा न खोकता, न विचारता सरळ चुलीपर्यंत यायचा आणि म्हणायचा, "ताई, आले वर. चहा टाक."

काडी ओढल्याचा तो आवाज! घासलेटचा वास, निळा जाळ, आणि आईच्या चेहऱ्यावर आलेला उजेड. आम्ही पोरं उगाच हसत सुटायचो. मामाच्या मनगटावर दोराचा लाल वळ असायचा, तो मी बोटानं दाबून बघायचो. वळ रात्रीपर्यंत विरून जायचा.

त्या वर्षी पाऊस उशिरापर्यंत रेंगाळला होता. काय झालं, कसं झालं, भिंतीतला दरवाजा कुणी उघडला, कुणाचा हुकूम होता, यावर मोठी माणसं नंतर खूप बोलली. मला त्यातलं काही आठवत नाही. मला आठवतं ते एवढंच की पंपाचा आवाज थांबला. मग पुन्हा सुरू झाला, फार जोरात. मग पुन्हा थांबला. अक्कानं माझा हात धरला होता. आईची नजर दाराकडे होती. ओले पाय आले, उंबऱ्याबाहेर थांबले.

आणि मामानं दार वाजवलं.

दार उघडंच होतं. उघड्या दाराला त्यानं बाहेरून हात लावला आणि वाजवलं. जन्मात पहिल्यांदा. आईनं काड्यापेटी उचलली आणि फळीवर ठेवून दिली. तिला सांगावं लागलं नाही.

अण्णांना दुसऱ्या दिवशी काढलं. मामा घरून परत जाऊन तोवर तराफ्यावर बसून होता, मनगटाला दोर, दोराचं दुसरं टोक तुटलेलं. कुणीतरी विळा घेऊन पुढं झालं तर मामा म्हणाला, "लांबचा काप. मनगटाचा न्हाई." शब्बीरचाचांनी समजावलं, वसाहतीतल्या म्हाताऱ्यांनी समजावलं. "ज्यानं बांधला त्यो सोडंल," एवढंच तो म्हणत राहिला. ज्यानं बांधला होता तो पलीकडं चादरीखाली होता. शेवटी मनगटाभोवतीचं कडं ठेवून बाकीचा दोर कापला.

ते कडं मामाच्या हाताला राहिलं. एक दिवस नाही, महिना नाही. वर्षानुवर्षं.

मामा परत शिंगणापूरला गेला. देवळाच्या वाटेवर तेलाच्या बाटल्या आणि रुईच्या पानांच्या माळा विकायला बसायचा. दोर आधी पिवळा होता, मग तपकिरी, मग तेल पिऊन पिऊन काळा. यात्रेकरूंना वाटायचं नवसाचा गंडा आहे. कुणी हात लावून पाया पडायचे, "कुठल्या देवाचा, बाबा?" विचारायचे. मामा म्हणायचा, "देवाचा न्हाई. दाजींचा हाय." त्याचे दाजी म्हणजे अण्णा; लोक काय समजायचे कोण जाणे! मामाचं लग्न झालं, पोरं झाली, नातवंडं झाली. न्हाताना ते कडं भिजायचं, उन्हात वाळायचं, मांसात रुतायचं. बारीक झालं, पण तुटलं नाही.

आई त्याच्यावर कधी रागावली नाही. दर वर्षी राखी बांधली, भाऊबीजेला ओवाळलं, त्याच्या उजव्या हातात करदोरा ठेवला. डाव्या हाताकडे मात्र तिनं मरेपर्यंत पाहिलं नाही. मामाही ओवाळून घेताना तो हात मांडीखाली दाबून बसायचा. आई गेली तेव्हा त्यानं खांदा दिला, तोही उजवा.

एवढं सगळं ज्या टोपामागं आहे, तो टोप दाजींनी ठोकून सरळ केला, कल्हई लावली, काचा बदलल्या. अक्काचा पोचा तेवढा तिनं काढू दिला नाही. पैसे घेतले नाहीत. त्याऐवजी कमांडरसाहेबांना म्हणाले, मला एकदा यात खाली न्या. मग काय, चार रविवार पुण्याला जाऊन कुठल्याशा टाकीत शिकून आले. आणि ह्या मंडळींची वर्षाची जमवाजमव कुठं ठरावी? आमच्या धरणावर. दाजींनीच सुचवलं होतं.

अक्काचा फोन आला. "मी लई सांगून बघितलं, रे. ऐकत न्हाईत. म्हनतात, सासऱ्यांच्या टोपात एकदा जाऊन येतो, तुझ्या मनातलं कायमचं जाईल. माझ्या मनातलं काय जायाचंय? म्हाताऱ्याला खूळ लागलंय." मग म्हणाली, "दोर तू धर. दुसऱ्या कुनाच्या हातात असला तर मी मरंन."

"अक्का, मी आयुष्यात पाण्याच्या दोराला हात लावला नाही."

"मामानं शिकवलंय तुला. मी बघितलंय."

"चिंध्यांचा होता तो!"

"माझा भाऊ तूच हायेस," ती म्हणाली. कायदा कायदा असतो.

शनिवार होता तो. वसाहतीतली माणसं शनिवारी पाण्यात उतरत नसत. शिंगणापूर इतकं जवळ, शनीची आण कोण मोडणार! अण्णा गेले तो मात्र गुरुवार होता, तेव्हा वारांवर फार विसंबण्यात अर्थ नाही. धुकं पाण्यावरून हलत नव्हतं. वसाहतीची घरं पडलेली, छपरं नेलेली. आमच्या ओसरीच्या जागी घाणेरीचं रान माजलेलं. रस्त्याच्या कडेला मंडळींच्या गाड्या, तंबू, घडीच्या खुर्च्या. टोप ओळीनं मांडून ठेवलेले, प्रत्येकाला तीन-तीन काचा. ते सगळे पाण्याकडे बघत होते. मंडळी मोठी आनंदात होती, फोटो काढत होती. त्यांची चूक नव्हती. त्यांच्या घरचं दार कधी असं वाजलं नव्हतं.

अक्का एका बाभळीखाली चटई टाकून बसली होती. शेजारी छोटी शेगडी, पातेल्यात पाणी, साखर, चहाची पूड. पुण्याची एक बाई म्हणाली, "काकू, चहा होतोय का? थंडी केवढी आहे!"

"हुईल," अक्का म्हणाली. "टोप वर आला की." बाईंना वाटलं काकू गंमत करतात.

आणि मामा आला होता. अक्कानं त्याला नुसतं सांगितलं होतं, बोलावलं नव्हतं. नातवाच्या गाडीवर बसून तो आला, शनिवारचा धंदा सोडून. डोळ्यांत मोतीबिंदू, गुडघे गेलेले. नातू त्याला खुर्चीवर बसवून, संध्याकाळी न्यायला येतो म्हणून निघून गेला. पाणी जिथं रस्ता गिळतं तिथून चार हातांवर मामा बसला. मी पाया पडलो तर त्यानं माझा डावा हात चाचपून पाहिला, मनगटाभोवती दोन बोटं फिरवली आणि सोडला. त्याची बोटं गार होती.

दाजींना स्टुलावर बसवलं, बूट चढवले. टोप डोक्यावर आला, वळला. उघड्या काचेतून त्यांचा चेहरा दिसत होता, एरवी दुकानात गिऱ्हाइकाशी हुज्जत घालतो तो नव्हे, भलताच गंभीर. मी मनगट पुढं केलं.

"घट्ट बांधू का, पाहुणे?" ते म्हणाले. हसायचा प्रयत्न केला बिचाऱ्यांनी.

"बांधा. पण सोडायला या म्हणजे झालं," मी म्हणालो. बोलून गेलो आणि मामाकडे पाहिलं. तो पाण्याकडे तोंड करून बसला होता.

काच बंद झाली. पंप सुरू झाला. सुस्कारा आणि ठोका.

मामानं मान वर केली. बाभळीखाली अक्कानं दोन्ही हात मांडीवर घेतले. पन्नास वर्षं कुठं गेली ते मला कळलं नाही. मला रबराचा वास आला, कणकेचा वास आला, गार चुलीचा वास आला. दाजी जुन्या रस्त्यावरून उतरत गेले, एकेक पाऊल उचलत, शेतातनं घरी जावं तसे. कंबर बुडाली, खांदे बुडाले, मग टोप तेवढा राहिला, मग तोही नाही. बुडबुडे पुढं पुढं सरकत राहिले.

मी दोर सोडत होतो. एक हिसका दिला. खालून एक आला. बरा आहे. पुन्हा विचारलं. बरा आहे. रस्ता जिथं जुन्या पुलाला लागतो तिथपर्यंत जायचं ठरलं होतं. बुडबुडे तिथं थांबले. मागं मंडळी काहीबाही बोलत होती, हसत होती. मी विचारलं.

उत्तर नाही.

हात ओला झाला होता, पाण्यानं की घामानं ते कळेना. बुडबुडे येत होते, पण एकाच जागी. मी पुन्हा विचारलं, जरा जोरानं. दोर नुसता जड, कुणी पलीकडून धरून ठेवल्यासारखा. पंपावरचे लोक माझ्याकडे बघू लागले. कमांडरसाहेब जवळ आले, "थांबा जरा, ते पूल बघत असतील," म्हणाले. बाभळीखाली अक्का उठून उभी राहिली. तिच्या हातात काड्यापेटी होती आणि ती ठेवायला फळी शोधत असल्यासारखी ती इकडंतिकडं बघत होती. देवाशपथ सांगतो, मला आई दिसली.

"वढ," मामा म्हणाला. मोठ्यानं नाही.

मी ओढलं. मागचं पुढचं न बघता ओढलं. आधी काही हललं नाही. मग जडपणा हलला, एक हात, दोन हात. मी तोंडानं काय बडबडत होतो ते मला आठवत नाही. अक्का नंतर म्हणाली, तू अण्णांना हाका मारत होतास. बुडबुडे आमच्याकडं यायला लागले. धुक्यात पाणी फुगलं, फुटलं आणि रस्त्यावरून टोप वर आला.

दाजी चालत येत होते, आपल्या पायांनी. काचेतून पाणी ओघळत होतं, आतलं काही दिसत नव्हतं. खांदे, छातीवरचं शिसं, कंबर. ते काठावर आले. मी मनगट पुढं केलं. तेवढ्यात खुर्ची कलंडल्याचा आवाज आला.

मामा उभा होता. कुणाच्या आधाराशिवाय. चार पावलं टाकून तो पाण्यात गेला, घोट्यापर्यंत, त्या टोपासमोर उभा राहिला आणि आपला डावा हात पुढं केला.

"लई उशीर केला, दाजी," तो म्हणाला. "सोडा आता."

पुण्याच्या बाईंनी फोटोसाठी उचललेला मोबाईल खाली घेतला. टोप थोडा वाकला. दाजींना आत काय ऐकू आलं असेल, पंपाच्या आवाजात काय येणार? पण समोर काय आलंय ते त्यांना दिसलं. अक्काचा नवरा आहे तो, सगळं ठाऊक असलेला. त्यांनी मामाचा हात आपल्या गार, सुरकुतलेल्या हातांत घेतला आणि गाठ शोधली. गाठ कसली, दगड झाला होता. कुणीतरी चाकू पुढं केला. टोपानं मान हलवली, नाही म्हणून. ते नखानं उकरत राहिले, मधेच मनगट पाण्यात बुडवायचे, पुन्हा उकरायचे. पंपवाले पंप फिरवत राहिले. मी माझ्या दोरासकट शेजारी उभा होतो.

गाठ सुटली. कडं पाण्यावर पडलं, क्षणभर तरंगलं आणि बुडालं. मामाच्या मनगटावर खोल खाच होती, तिच्यातली कातडी तान्ह्या पोरासारखी पांढरी. मामा तिच्याकडं बघत राहिला. मग दाजी वळले आणि त्यांनी माझी गाठ सोडली.

काच उघडल्यावर त्यांनी आधी पाणी मागितलं. पाणी प्यायले. मग मला हळूच म्हणाले, "पुलाच्या कठड्यावर बसलो होतो, रे. तू विचारत होतास ते कळत होतं. पण तिथं इतकं शांत होतं, वर यावंसंच वाटंना. तू ओढलंस तेव्हा राग आला तुझा. अक्काला सांगू नको." मी सांगितलं नाही. पण अण्णांनाही तसंच वाटलं असेल का, हा प्रश्न त्या दिवसापासून माझ्या डोक्यात शिरला आहे, आणि तो कुणाला विचारावा ते कळत नाही.

मामा मात्र तिथं थांबला नव्हता. ओल्या पायांनी रस्ता चढत तो बाभळीपाशी गेला. वाटेत मंडळींच्या खुर्च्या, चटया, कुणाच्या पिशव्या, सगळं ओलांडून, कुणाला न विचारता, सरळ शेगडीपर्यंत. अक्कासमोर उभा राहिला. उजव्या हातानं डावं मनगट चोळत होता.

"ताई," तो म्हणाला, "आले वर. चहा टाक."

अक्का त्याची भाची. ताई जाऊन वीस पावसाळे झाले. अक्कानं त्याच्याकडं पाहिलं, त्याच्या डाव्या हाताकडं पाहिलं, नीट, खूप वेळ. मग ती खाली बसली. तिच्या हातून काडी ओढली जाईना, गूल ओला झाला होता. मी पुढं होणार होतो, पण मामानं हातानं मला थांबवलं.

दुसरी काडी पेटली.